जुन्या फियाटचा पुठ्ठा आणि माझी वीस मिनिटं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेले शब्द तेवढे काढले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड गाडीवर आहे. आणि आधीच सांगतो, हा एपिसोड मी माझ्याच एका मूर्खपणामुळे करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. औंढा नागनाथच्या रस्त्याला आमचं शेत आहे. शेतातल्या शेडमध्ये आजोबांची पद्मिनी उभी आहे. प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. आमची १९८० ची. आरसी बुकावर परभणी आहे, कारण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी आपण परभणीतच होतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याच्या बातम्या आल्या ना, तेव्हा मला एकदम भरून आलं. म्हटलं, आपल्या दारात एक उभी आहे आणि आपण तिच्यावर खताची पोती टाकतोय? ठरवलं की वर्क फ्रॉम होम घ्यायचं आणि ती गाडी उभी करायची.

तर, हळद काढणीचे दिवस होते. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, आई तिथेच. मी शेडमध्ये. बॉनेट उघडलं. मधल्या काळात कोणीतरी या गाडीला डिझेल इंजिन बसवलेलं. ते तापतं फार. म्हणून तेव्हाच्या मिस्त्रीने इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या पत्र्यावर एक जाड, करडा-पांढरा पुठ्ठा मारला होता. सायलेन्सरच्या पाइपाला वरच्या बाजूने पांढरी जाड दोरी गुंडाळलेली. बॉनेटच्या आतून काळा नमदा. सगळं कुजलेलं, उंदरांनी कुरतडलेलं.

मी काय केलं? तोंडाला टॉवेल बांधला, हातात तारेचा ब्रश घेतला आणि तो पुठ्ठा खरवडायला लागलो. वीस मिनिटं. शेडमध्ये उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ नुसती नाचत होती. मी त्याचा रीलसाठी व्हिडिओपण काढला.

आई चहा घेऊन आली. "काय करायलास रे? ते काय उडायलंय?" म्हटलं, "काही नाही गं, जुनी धूळ." तिने माझा टी-शर्ट घेतला, दारात उभं राहून खसाखसा झटकला आणि धुवायला टाकला.

ते झटकणं लक्षात ठेवा. त्यावर परत येतो.

संध्याकाळी व्हिडिओ एका मित्राला पाठवला. तो ऑस्ट्रेलियात असतो, त्यालाही जुन्या गाड्यांचा नाद. त्याचा दोन मिनिटांत फोन. "तू मास्क लावला होतास का? तो पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो." तो म्हणाला, इकडे ही वस्तू २००३ च्या शेवटापासून बंद आहे, बाहेरून जुनी गाडी आणायची तर त्यात ॲस्बेस्टॉस नाही याची खात्री द्यावी लागते.

मला ॲस्बेस्टॉस म्हणजे फक्त सिमेंटचे पत्रे माहीत होते. रात्री तीन वाजेपर्यंत वाचत बसलो. ते सगळं आता थोडक्यात सांगतो.

ही वस्तू आहे तरी काय?

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं खनिज आहे. दगडच, पण असा दगड ज्याचे धागे निघतात. कापसासारखे. जळत नाही, उष्णता अडवतो, घासलं तरी झिजायला वेळ लागतो, आणि स्वस्त. गाडी बनवणाऱ्याला अजून काय हवं? म्हणून जुन्या गाड्यांत ते ठिकठिकाणी सापडतं: ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, हेडचं पॅकिंग, एक्झॉस्टचं पॅकिंग, सायलेन्सरवरची दोरी किंवा पट्टी, इंजिनाजवळचे पुठ्ठे. कधी कंपनीने लावलेलं, कधी नंतर कुठल्या गॅरेजमध्ये.

पण सगळा नमदा म्हणजे ॲस्बेस्टॉस नाही, हेही तेवढंच खरं. जुन्या गाडीत ताग असतो, चिंध्यांचा नमदा असतो, डांबराची शीट असते, काचेची लोकर असते. आणि इथेच गोची आहे, कारण डोळ्यांनी ओळखता येत नाही. काचेची लोकर अंगाला लागली तर खाज सुटते, म्हणजे ती निदान सांगते तरी की मी आहे. ॲस्बेस्टॉस काहीच सांगत नाही. वास नाही, खाज नाही, ठसका नाही. त्याचे तंतू फुटत फुटत इतके बारीक होतात की दिसतही नाहीत, आणि हलके असल्यामुळे हवेत तासन् तास तरंगतात. माझ्या व्हिडिओत जी धूळ नाचताना दिसतेय ना, ती खरं तर जाड धूळ. त्रासदायक ती, जी व्हिडिओत आलीच नाही.

हे तंतू फुप्फुसात खोल जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, सगळे बाहेरही टाकता येत नाहीत. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, म्हणजे फुप्फुस आतून घट्ट होत जातं आणि दम लागायला लागतो. फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आणि मेसोथेलिओमा नावाचा, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा गट. सिगारेट ओढणाऱ्याला तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे वेळ. आज धूळ गेली आणि उद्या खोकला आला, असं होत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतं. सुप्रीम कोर्टाचा २७ जानेवारी १९९५ चा एक निकाल आहे, ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दलचा. त्यात कोर्टाने सांगितलं की कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तिथपर्यंत ठेवायची. चाळीस वर्षं! आपण सर्व्हरचे लॉग नव्वद दिवसांनी उडवतो.

बरं, हे फक्त परदेशात होतं असंही नाही. ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या मुंबईतल्या एका कारखान्यातल्या कामगारांची तपासणी झाली होती, तो अभ्यास २००५ साली छापून आला. तपासलेल्या कामगारांत दर पाचात एकापेक्षा थोड्या जास्त लोकांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. युरोपियन युनियनने २००५ पासून बंदी घातली, अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला. आपल्याकडे नवीन खाणींना परवाने मिळत नाहीत, पण बाहेरून माल येतो आणि त्याचे पत्रे बनतात.

आता घाबरवून सोडत नाही. धोका हा मात्रेवर असतो. किती धूळ, किती वेळा, किती वर्षं. माझ्या वीस मिनिटांनी मला काही होईलच असं नाही, उलट शक्यता बरीच कमी आहे. पण कमी आहे म्हणून परत करायचं का? फुप्फुसाला रोलबॅक नाही, एवढं समजलं तरी पुरे.

आधी तपासणी

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप लावलं. पोरांना, कुत्र्याला, कोणालाच आत नाही. मग नमुने घेतले. यावेळी शहाणपणाने.

मास्क लावला (कोणता ते पुढे सांगतो). जिथून तुकडा घ्यायचा ती जागा आधी फवाऱ्याने ओली केली. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा ब्लेडने अलगद काढला, झिप पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर लिहिलं, कुठून काढला. कापलेल्या जागेवर टेप लावली. ब्लेड आणि पुसलेलं ओलं फडकंसुद्धा पिशवीत बंद. तीन नमुने: बॉनेटचा नमदा, पुठ्ठा, पाइपावरची दोरी.

एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला आधी फोन करून विचारा की मटेरियलमधला ॲस्बेस्टॉस ओळखून देता का. पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोप नावाची पद्धत असते, तेवढं नाव सांगितलं की त्यांना कळतं. पार्सल कसं पाठवायचं तेही त्यांनाच विचारा.

रिपोर्ट आला. बॉनेटचा नमदा: ॲस्बेस्टॉस नाही, ताग आणि डांबर. पुठ्ठा: आहे, क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. दोरी: आहे, तोच.

गंमत बघा. काळाकुट्ट, घाणेरडा दिसणारा नमदा निर्दोष आणि स्वच्छ पांढरी दोरी गुन्हेगार. मी अंदाजाने गेलो असतो तर बरोब्बर उलटं केलं असतं.

काढायचं की राहू द्यायचं?

आमच्या धंद्यात एक म्हण झालीय, चालू कोडला हात लावू नको. इथे ते अक्षरशः खरं आहे. पुठ्ठा धड असेल, सुटत नसेल, चुरा होत नसेल, तर त्याला न छेडणं हाच बऱ्याचदा सगळ्यात सुरक्षित उपाय असतो. ब्रशने जाड रंगाचा थर द्यायचा, वरून पत्रा झाकायचा, आणि मालकाला, मिस्त्रीला कळेल असं तिथे लिहून ठेवायचं.

माझा पुठ्ठा मात्र उंदरांनी कुरतडलेला आणि मी खरवडलेला. भुसभुशीत झाला होता, बोटाने दाबला तरी चुरा. म्हणून काढावा लागला. पण तो छोटा होता, साधारण वहीच्या दोन पानांएवढा. मोठं काम असेल, सगळीकडे चुरा पसरलेला असेल, तर स्वतः करू नका. माणूस शोधा ज्याला हे येतं, नाहीतर गाडी तशीच झाकून ठेवा. गाडी चाळीस वर्षं थांबलीय, अजून वर्षभर थांबेल.

मी कसं केलं ते क्रमाने सांगतो.

एक. वेळ. सकाळी सहा. मार्चमध्ये आपल्याकडे दहाला चटके बसतात, आणि हा सूट घालून दुपारी काम केलं तर ॲस्बेस्टॉसच्या आधी उष्माघात होईल. वारं पडलेलं हवं. इंजिन गार, बॅटरी काढलेली, चाकांना दगड.

दोन. मास्क. रुमाल, टॉवेल, गमछा, सर्जिकल मास्क, सगळे निरुपयोगी. एफएफपी३ दर्जाचा मास्क घ्या, आपला आयएस ९४७३ हा मानक नंबर त्यावर छापलेला असतो. किंवा पी१०० फिल्टरचा रबरी अर्धा मास्क. आणि मंडळी, दाढी काढावी लागते. मास्क चेहऱ्याला चिकटलाच नाही तर हवा कडेने आत येते. मी तीन वर्षांची दाढी काढली. आई खूश, बाकी कोणी नाही.

तीन. अंगावर टोपीचा, एकदा वापरून टाकायचा सूट. हातमोजे. बूट धुता येतील असे. मोबाइल बाहेर. हो, बाहेरच. रील नाही.

चार. गाडीखाली आणि भोवती जाड प्लास्टिक.

पाच. पाणी. सगळ्यात महत्त्वाचं हेच. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब. साबणामुळे पाणी आत मुरतं. हलका फवारा, जोरात धार नाही. पुठ्ठा आतपर्यंत भिजेपर्यंत थांबलो, पंधरा-वीस मिनिटं. मध्ये परत मारलं. ओला तंतू उडत नाही. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी हा एपिसोड वसूल.

सहा. पुठ्ठ्याचे स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने काढले. ड्रिल नाही, ग्राइंडर नाही, तारेचा ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही. पुठ्ठा शक्यतो अखंड उतरवला आणि थेट पिशवीत. पत्र्याला चिकटलेलं ओल्या फडक्याने पुसलं, फडकं परत वापरलं नाही, तेही पिशवीत.

सात. पाइपावरची दोरी सोडवत बसलोच नाही. ओली केली, वर प्लास्टिक गुंडाळलं, बोल्ट खोलले आणि पाइप दोरीसकट बाहेर. नवीन पाइप घेतला. थोडे पैसे गेले, पण तंतू हवेत गेले नाहीत.

आठ. झाडू नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नाही, तो मागून सगळं परत हवेत सोडतो. ओलं पुसायचं, प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालून तेही पिशवीत.

नऊ. सूट ओल्या फडक्याने पुसायचा, उलटा करत काढायचा. मास्क सगळ्यात शेवटी. मग तिथेच अंघोळ.

आणि आता आईच्या झटकण्यावर येतो. बाहेरच्या देशांत असे कितीतरी रुग्ण सापडलेत ज्यांनी आयुष्यात कारखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. नवरा कामावरून यायचा, बायको त्याचे कपडे झटकून धुवायची, आणि अनेक वर्षांनी मेसोथेलिओमा तिला व्हायचा. वीस मिनिटं काम मी केलं. पण टी-शर्ट आईने झटकला. मला रात्री झोप नव्हती ती यामुळे. म्हणून कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत, आणि झटकायचे तर नाहीतच नाहीत.

त्या पिशवीचं काय?

जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड टेपने बंद, ती दुसऱ्या पिशवीत, परत टेप. वर मोठ्या अक्षरात: "ॲस्बेस्टॉस. उघडू नका." ओढ्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही, तसंही ते जळतच नाही. भंगारवाल्याला तर मुळीच नाही, कारण तो पाइप त्याच्याकडचा पोऱ्या हातोडीने ठोकून साफ करेल.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत टाकाऊ ॲस्बेस्टॉसचं नाव आहे. असा कचरा घेणारी ठिकाणं राज्यात आहेत: तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. पण ती कारखान्यांच्या मालासाठी उभी आहेत, तुमच्या-माझ्या एका पिशवीसाठी नाहीत. मी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारलंय. तोपर्यंत पिशवी झाकणाच्या ड्रममध्ये, शेडच्या कोपऱ्यात, कुलपात. खोटं कशाला सांगू, ती अजून तिथेच आहे.

नवीन काय लावलं? पातळ पत्र्याची ढाल, मध्ये हवेची फट, आणि ॲल्युमिनियमचा थर असलेली फायबरग्लासची चटई. "सिरॅमिक वूल लाव" असं बरेच जण सांगतात. त्याच्या धुळीबद्दलही कॅन्सरची शंका आहे, म्हणून मी टाळलं.

आता खरा मुद्दा

इतका वेळ मी माझी गोष्ट सांगितली. पण मी एका पुठ्ठ्यापुरता, एका दिवसापुरता. गाडी ब्रेकसाठी गॅरेजला नेली तेव्हा लक्षात आलं की खरी गोष्ट तिथे आहे.

आमचे मिस्त्री, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. तीस वर्षं गॅरेज. त्यांच्याकडे एक पोरगा आहे, सतरा-अठराचा, सगळे बारक्या म्हणतात. त्याने ड्रम खोलला. आत काळी भुकटी. जुना लायनर घासून घासून जी होते ती. आणि सवयीने कंप्रेसरची नळी उचलली. हवा मारायला.

मी ओरडलोच. "थांब!"

चाचा हसले. "अरे, तीस साल से यही कर रहा हूँ. काय झालं मला?"

मला उत्तर येत होतं, पण ते तोंडावर कसं बोलणार? की चाचा, हा आजार तीस वर्षं घेतोच. मी एवढंच म्हटलं, "चाचा, तुम्हाला काही झालं नाही, चांगलंच आहे. पण हा आत्ता सतराचा आहे."

ते काही बोलले नाहीत. मी गाडीतून फवाऱ्याची बाटली आणली, साबणाच्या पाण्याची. ड्रम ओला केला, खाली ट्रे धरला, ओल्या फडक्याने पुसला, फडकं पिशवीत. पाच मिनिटं जास्त लागली. बारक्या म्हणाला, "दादा, याने तर डोळ्यात पण जात नाही."

नव्या लायनरच्या खोक्यावर ॲस्बेस्टॉस-मुक्त लिहिलेलं बघून घेतलं. तुम्हीही बघा, विचारा. पण जुन्या गाडीच्या ड्रममध्ये काय आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक जुना ड्रम, प्रत्येक जुनी क्लच प्लेट ॲस्बेस्टॉसचीच आहे असं धरून चालायचं. हवा नाही, पाणी.

मागच्या आठवड्यात परत गेलो होतो. बाटली कंप्रेसरच्या शेजारी खिळ्याला टांगलेली. अर्धी रिकामी. म्हणजे वापरतायत. निघताना चाचा बाहेरपर्यंत आले आणि हळूच विचारलं, "तो छातीचा फोटो कुठे काढतात रे?"

म्हटलं, जिल्हा रुग्णालयात चला, मी येतो बरोबर. आणि डॉक्टरांना आधी हेच सांगायचं की गॅरेजचं काम, तीस वर्षं, ब्रेकची धूळ. कारण आपण खोकला सांगतो, काम सांगतच नाही. मग डॉक्टरांना कळणार कसं?

तर मंडळी, तुमच्या घरी जुनी फियाट असेल, जीप असेल, अँबेसिडर असेल, जरूर उभी करा. पण पहिल्या दिवशी पाना उचलायच्या आधी पाण्याची बाटली उचला. आणि गाडी नसेल, तरी बाईक सर्व्हिसिंगला टाकता ना? तिथला पोऱ्या ड्रमला हवा मारताना दिसला तर त्याला हा एपिसोड ऐकवा. लिंक पाठवू नका, तो उघडणार नाही. तिथेच उभं राहून स्पीकरवर लावा.

घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे कापायचे, फोडायचे कसे नाहीत, यावर बऱ्याच जणांनी विचारलंय. तो पुढचा एपिसोड. तोपर्यंत त्यांना ड्रिल लावू नका, एवढं ऐका.

काळजी घ्या. आणि आईला सांगा, कपडे झटकू नकोस.

भेटू.